भीमेकाठचा सायकलवाला

बिरप्पा धनगराला सायकल चालवता येते, ही गोष्ट त्याच्या भावकीनं बरीच वर्षं मान्य केली नाही. मेंढरांमागं चालणाऱ्याच्या लेकानं दोन चाकांवर बसावं आणि न पडता गावाच्या शिवेपर्यंत जावं, यात काहीतरी करणी असणार, असं त्याचा चुलता म्हणायचा. पण मेंढरांमागं चालणं बिरप्पाच्या नशिबात उरलंच नव्हतं. मंगळवेढ्याच्या पलीकडं माळावर त्याच्या बापाचं मेंढरांचं मोठं खांड होतं. एकोणीसशे वीस सालच्या दुष्काळात तो माळ असा करपला की कुसळसुद्धा राहिलं नाही. मेंढरू चालता चालता बसायचं आणि बसलेलं परत उठायचं नाही. बाप रोज सकाळी मेलेली ओढून बाजूला करायचा. एके सकाळी तोच उठला नाही. मग बिरप्पानं एक घोंगडं, एक तवा आणि नव्या लग्नाची बायको मायाक्का एवढं बरोबर घेतलं आणि सोलापूरची वाट धरली.

गिरणीत तो टिकला नाही. उघड्या माळावर वाढलेल्या छातीला कापसाचा भुगा सोसेना, खोकून खोकून माणूस वाळला. शेवटी विजापूर वेशीजवळच्या खाजाभाईंच्या सायकल दुकानात त्याला काम लागलं. पंक्चर काढायचं, तेल द्यायचं, वाकडं चाक सरळ करायचं. खाजाभाईंनीच त्याला सायकल शिकवली. पहिल्या आठवड्यात त्याची दोन्ही ढोपरं सोलून निघाली, तेव्हा खाजाभाई पान चघळत एवढंच म्हणाले, "गिरे तो उठना. इसमें इत्ताच है."

त्या काळात मायाक्काला मुलगी झाली. पोर रांगायला लागली तशी मायाक्का तिला घेऊन बिरोबाच्या जत्रेसाठी माहेरी गेली, आणि तिथं पटकीची साथ आली. पोर तहानेनं रडत होती. मायाक्कानं ओढ्यातलं पाणी ओंजळीनं पाजलं, आणि सांजेपर्यंत पोर संपली. मायाक्का परत आली ती रिकाम्या हातानं. ती रडली नाही, बोललीही नाही. भाकऱ्या थापायची, बिरप्पापुढं ताट सारायची आणि आपल्या हातांकडं बघत बसायची.

लोकल बोर्डाचे डॉक्टर एकदा सायकलचं चाक दुरुस्त करून घ्यायला दुकानात आले आणि बिरप्पाशी बोलत बसले. भीमेच्या काठानं पायवाटा कुठून जातात, सीना कुठं उतरता येते, कुठल्या गावात आड आहे आणि कुठं नुसता झरा, हे त्याला माहीत होतं. लहानपणी मेंढरं घेऊन त्यानं तो सगळा मुलूख तुडवला होता. डॉक्टरांना असाच माणूस हवा होता. उन्हाळ्यात पटकी लागली की काठच्या गावांना औषध पोचेपर्यंत निम्मी वस्ती तिरडीवर जायची. बैलगाडीला वेळ लागायचा. सायकलवाला गेला तर वेळेत पोचेल, असं त्यांचं म्हणणं होतं. खाजाभाईंनी दुकानातल्या जुन्या भागांची एक दणकट सायकल जुळवून दिली आणि मागं लोखंडी कॅरिअर बसवलं. त्याला बादली, दोर आणि औषधाचा डबा बांधून बिरप्पा निघाला.

वाट ठरलेली होती. सोलापुरातून दक्षिणेला मुरमाची सडक धरून वडकबाळपर्यंत, तिथं सीना उतरायची, मग मंद्रूप. मंद्रूपपुढं सडक संपायची आणि गाडीवाट सुरू व्हायची, ती थेट कुडलच्या संगमापर्यंत. तिथं सीना भीमेला मिळते. काठावर काळ्या दगडाचं जुनं देऊळ आहे, खांबांवर नक्षी, आत थंडगार अंधार. संगमावरून भीमेच्या काठानं वर वर जायचं. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला बाभळीचं रान आणि मधून दोन हात रुंदीची तांबडी पायवाट. पुढं बेगमपूर लागायचं, औरंगजेबाच्या मुलीच्या कबरीचं गाव. पलीकडच्या तीरावर माचणूरचा किल्ला दिसायचा. उन्हाळ्यात पाणी उतरलेलं असायचं, पण डोहातून पलीकडं जायचं तर गुळाच्या मोठ्या काहिलीत होडीसारखं बसून जायचं आणि सायकल मांडीवर आडवी धरायची. मग बेगमपुरावरूनच मंगळवेढ्याच्या सडकेनं तिऱ्ह्यावरून परत सोलापूर.

सकाळच्या पारी त्या वाटेनं जाताना कुणालाही बरं वाटलं असतं. नदीवर धुकं असायचं, खंड्या पाण्यावर झेपावायचा, जोंधळ्याच्या कापलेल्या धसकटांतून तित्तिर उडायचे. बिरप्पालाही ते दिसायचं. पण त्याचं लक्ष वाटेवरच्या बाभळीच्या काट्यांकडं आणि लांबवर कुठं धूर निघतोय का याच्याकडं असायचं. नदीकाठी एकापेक्षा जास्त धूर दिसले की सरणं पेटलीत हे ओळखून तो पायडल जोरात मारायचा.

औषध म्हणजे जांभळ्या रंगाची बारीक खडी. बादलीत विरघळवून आडात ओतायची, दोरानं पाणी ढवळायचं, मग सगळा आड तांबडा व्हायचा. हे सांजेला करायचं आणि रातभर आड तसाच राहू द्यायचा. सकाळी ते पाणी प्यायला निवळ झालेलं असायचं. डॉक्टरांनी त्याला हे एवढंच पढवलं होतं, आणि एवढंच गावांना पटवणं सगळ्यात अवघड होतं. आपल्या आडाचं पाणी रक्तासारखं झालेलं बघितलं की बाया घागरी टाकून पळायच्या. सरकार विहिरींत विष टाकतंय, माणसं मारून दुष्काळी कर्जाची तगाई द्यायचं टाळतंय, अशी बोलवा गावोगाव होती. एका गावात त्याच्यावर शेण फेकलं, दुसरीकडं दोर कापला. परका पुरुष पाणवठ्यावर उभा राहिला की बाया जवळ येत नसत, आणि पाणी भरायचं की नाही हे ठरवणाऱ्या तर त्याच होत्या.

एका रात्री जेवताना हे तो मायाक्काला सांगत होता. ती हातांकडं बघत ऐकत होती. ताट उचलताना म्हणाली, "मी येती."

बिरप्पानं ते थट्टेवारी नेलं. बायको सायकलवर बसून गावोगाव फिरली तर लोक काय म्हणतील, भावकी काय म्हणेल. मायाक्कानं त्याला पुरतं बोलू दिलं आणि मग म्हणाली, "पोरीला पानी म्या पाजलं. आता मी पिऊन दावीन की ते पानी बरं हाय. तुमी बोलून कुनाला पटनार न्हाय."

पुढच्या फेरीला ती गेली. गावाची शीव आली की ती कॅरिअरवरून उतरायची, पदर नीट करायची आणि डोक्यावर बादली घेऊन पायी चालायची. सायकलवर बसलेली बाई बघितली असती तर लोकांनी औषधाचं नावही ऐकलं नसतं. सांजेला बिरप्पा औषध टाकायचा, मायाक्का बायांत बसून राहायची. दुसऱ्या दिवशी सकाळी बाया लांबून बघत उभ्या राहायच्या आणि ती आडावर जाऊन बादली काढायची, सगळ्यांसमोर ओंजळ ओंजळ प्यायची. मग तिथंच बसून भाकरी खायची. ऊन वर आलं तरी तिला काही झालं नाही, हे बघून एकेक घागर पुढं यायची. कुठं पोरगं आजारी असलं तर ती त्याच्या उशाशी बसायची. ती पुन्हा बोलायला लागली ती अशी, परक्या बायांशी, परक्या गावांत. घरी येताना माळावर वारा सुटला की कॅरिअरवर बसून ती ओव्या म्हणायची, आणि पुढं बसलेला बिरप्पा सायकल मुद्दाम हळू हाकायचा. असे दोन उन्हाळे गेले.

तिसऱ्या उन्हाळ्यात संगमावरच कळलं की वरच्या अंगाला उंबरडोह गावात माणसं मरायला लागली आहेत. हे गाव नदीच्या वळणावर बसलेलं. पडक्या गढीची एक भिंत, मारुतीचं देऊळ, खाली काळाशार डोह आणि त्याच्यावर वाकलेली उंबराची झाडं. बिरप्पा आणि मायाक्का तिथं पोचली तेव्हा दिवस कलला होता. रोग महारवाड्यात आधी लागला होता, म्हणून बिरप्पा तिथल्या आडाकडं आधी गेला. जिथं माणसं मरतात तिथं आधी, असं डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. ते काम उरकून तीच बादली, तोच दोर घेऊन तो गावच्या आडावर आला आणि इथंही औषध ओतून ढवळायला लागला. दोर वर घेईपर्यंत माणसं जमली होती.

पुढं कोंडीबा होता. गावातला थोरला कुणबी; त्याचा धाकटा भाऊ त्याच सकाळी गेला होता. त्याचं डोकं भादरलेलं, डोळे तांबडे. महारवाड्यातला दोर आमच्या आडात घातलास, एवढं म्हणून त्यानं बिरप्पाच्या छातीत हात घातला. मागून कुणीतरी ओरडलं की विष टाकलंय, पाणी बघा. दोघांनी बिरप्पाचे दंड धरले. कोंडीबानं सायकल दोन्ही हातांनी उचलली आणि आडाच्या कठड्यावर नेऊन ठेवली, आता ढकलतो म्हणून.

तेवढ्यात त्याची आई पुढं आली. चिमाबाई तिचं नाव. पोटचा पोरगा जाळून आलेली बाई, अंगावर अजून ओलं लुगडं. तिनं कोंडीबाला थांबवलं आणि मायाक्काकडं बोट केलं.

"ही पिती म्हनं सगळ्या गावांत. हितं पिऊ दे."

बिरप्पा म्हणाला की सकाळी पिईल, सगळ्यांसमोर पिईल. कोंडीबा हसला. सकाळपर्यंत तुम्ही पळून जाल, असं त्याचं म्हणणं पडलं. चिमाबाई एकच शब्द बोलली, "आत्ता."

आडातल्या पाण्याचा रंग अजून सारखा झाला नव्हता. मधेच तांबडं, कडेला नुसतं गढूळ. औषध पाण्यात पडून घटकाही झाली नव्हती, आणि त्या आडाचं पाणी पिऊन सकाळी एक माणूस गेला होता. बिरप्पाला हे समजत होतं आणि मायाक्कालाही तेवढंच समजत होतं. हा धडा ती दोन वर्षं गावोगावच्या बायांना शिकवत होती. बिरप्पानं तोंड उघडलं. पाणी आत्ता प्यायचं नाही, त्यानं माणूस मरतं, असं तो म्हणाला असता तर विषाची गोष्ट खरी ठरली असती. त्या गावात पुन्हा औषध पडलं नसतं, आणि कदाचित ती दोघंही तिथून उठून गेली नसती. तो शब्द जुळवत होता तोवर मायाक्कानं त्याच्याकडं बघून हलकेच मान हलवली. कठड्यावरची बादली तिनं आडात सोडली, वर ओढली आणि दोन ओंजळी प्यायली. हनुवटीवरून तांबडं पाणी ओघळलं, ते तिनं पदरानं पुसलं.

माणसं मागं सरली. सायकल खाली आली.

सकाळी उंबरडोहच्या बायांनी आडावरून पाणी भरलं. मायाक्का त्यांच्यात हसून बोलत होती. एका लेकुरवाळीला तिनं पाणी उकळून पाजायला सांगितलं. बिरप्पा तिच्या तोंडाकडं बघत होता, आणि काही दिसत नाही म्हणून त्याच्या जिवात जीव येत होता.

बेगमपूरच्या अलीकडं बाभळीच्या बनात तिनं सायकल थांबवायला सांगितली. ती झाडाआड गेली, परत आली, पुन्हा गेली. तिसऱ्या वेळेला बिरप्पानं तिला हाताला धरून आणलं. तिचे हात गार पडले होते, बोटांची कातडी सुरकुतली होती. किती गावांत त्यानं ही बोटं बघितली होती. तिनं पाणी मागितलं. जवळची चामड्याची पखाल उकळलेल्या पाण्याची होती; प्यायलेलं सगळं उलटून पडलं.

सोलापूरचा दवाखाना हाच एक उपाय होता. बिरप्पानं तिला कॅरिअरवर बसवलं, आपलं धोतर फाडून तिच्या कमरेभोवती आणि आपल्या पोटाभोवती बांधलं आणि सायकल तिऱ्ह्याच्या बाजूनं घातली. दुपार टळटळीत होती. मुरमाची वाट भाजत होती. चाकाखालचे खडे उडत होते आणि खाचखळगा आला की तिचं कपाळ त्याच्या पाठीवर आपटायचं. मधे एकदा तिनं विचारलं की उंबरडोहच्या बायांनी पाणी भरलं न्हवं. तो म्हणाला, भरलं. मग तिच्या पायांत गोळे यायला लागले आणि ती कण्हायला लागली. बिरप्पा तिला बोलतं ठेवायला काहीबाही सांगत राहिला, मेंढरांचं, बापाचं, खाजाभाईंचं.

सीनेच्या वाळवंटात सायकल रुतली. तो पाय टेकून ओढायला लागला, आणि त्याला कळलं की पाठीवरचं ओझं बदललंय. जिवंत माणूस धरून बसतं, आपला तोल आपण सांभाळतं. हे ओझं नुसतं लोंबत होतं. तरी त्यानं पाण्यातून सायकल पार केली, मग थांबला आणि गाठ सोडली.

काठावर धनगरांचं एक खांड बसलं होतं. त्यांनी लांबूनच विचारलं, आणि पटकी म्हटल्यावरही एक म्हातारा कुदळ घेऊन आला. वाळूच्या वर, करंजाच्या झाडाखाली त्यांनी खड्डा खणला. म्हाताऱ्यानं आपलं घोंगडं दिलं. बिरप्पानं तिला त्यात गुंडाळलं, माती लोटली आणि उन्हं उतरेपर्यंत तिथंच बसून राहिला.

धनगरांच्या तोंडून बातमी नदीकाठानं वर गेली. तांबडं पाणी पिणारी बाई दुसऱ्याच दिवशी मेली. उंबरडोहच्या लोकांना आणखी काय हवं होतं. त्यांनी निवळलेला आड सोडला, त्याच्यावर बाभळीच्या काटेरी फांद्यांचा फास टाकला आणि पाण्याला डोहावर जायला लागले. त्या डोहात मेलेल्यांच्या वाकळा धुतलेल्या होत्या. रोग कमी होत आला होता तो पुन्हा उसळला.

बिरप्पा खाजाभाईंच्या दुकानात भिंतीला टेकून बसायचा. खाजाभाईंनी सायकलचं वाकलेलं चाक स्वतः सरळ केलं, आणि जेवायला घातलं. डॉक्टर येऊन गेले. त्या गावाकडं फिरकू नकोस, दुसरा माणूस आणि पोलीस पाठवतो, असं त्यांनी बजावलं. तो माणूस आणि पोलीस कधी जातील हे काही ठरत नव्हतं. उंबरडोहला अजून तिरड्या निघताहेत हे बाजारात आलेल्या एका माणसाकडून कळलं तेव्हा बिरप्पा उठला, डबा बांधला आणि एकटाच निघाला. त्याला कुणी काय केलं असतं याची आता त्याला पर्वा नव्हती.

गावात कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत. निम्म्या घरांना बाहेरून कड्या होत्या. माणसं रानात पळाली होती. आडाजवळ चिमाबाई बसली होती, एकटी. कोंडीबाही गेला होता. तिनं बिरप्पाला ओळखलं, पण उठली नाही.

"तुजी बायकू त्या अवषदानं मेली न्हवं?" तिनं विचारलं.

"अवषदानं न्हाय. तुमच्या आडाच्या पान्यानं." बिरप्पा सायकल धरून उभाच राहिला. "अवषद मुरायला रात जावी लागती. तवा ते नुसतं पानीच हुतं. तिला ठावं हुतं."

म्हातारीला हे उमजायला वेळ लागला. मग तिनं वर बघितलं. "मग तू तवा बोलला का न्हाईस?"

हा प्रश्न बिरप्पा स्वतःला इतक्या वेळा विचारून बसला होता की त्याचं उत्तर त्याच्या तोंडात तयार होतं. "बोललो असतो तर अवषद राहू दिलं असतं व्हय?"

चिमाबाईनं आडाकडं बघितलं, काटेरी फासाकडं बघितलं.

"न्हाय," ती म्हणाली.

एवढंच दोघांचं बोलणं झालं. तिनं फास ओढायला हात लावला, काटे हातात मोडले तरी सोडला नाही. बिरप्पानं औषध टाकलं. सकाळी उरलेली चार माणसं आडावर आली आणि कोण आधी पितं याची वाट बघत उभी राहिली. चिमाबाईनं बादली काढली आणि स्वतःच आधी पाणी प्यायली. तिला काही झालं नाही. पुढच्या अमावास्येपर्यंत उंबरडोहचा रोग हटला, पण तोवर गाव अर्धं रिकामं झालं होतं.

बिरप्पानं काम सोडलं नाही. काही वर्षांनी भावकीनं त्याचा पाट लावला, केराबाई नावाच्या विधवेशी. तिला त्याच्यापासून दोन मुलं झाली. केराबाई भली बाई होती. पहिलीचं काय झालं, हे तिनं एकदा विचारलं आणि पटकीनं गेली एवढं उत्तर मिळाल्यावर पुन्हा विचारलं नाही. उन्हाळा लागला की तो फेरीवर जायचा आणि सकाळी आडावरचं पाणी आता स्वतःच पिऊन दाखवायचा. तीस सालाच्या पुढं सडका थोड्या सुधारल्या, मंद्रूपच्या पुढंही मुरूम पडला. लोकही थोडे बदलले. तांबड्या पाण्याला भिणारी गावं कमी झाली. उंबरडोहला बरीच वर्षं रोग फिरकला नाही, म्हणून बिरप्पाही गावात न शिरता काठानं पुढं निघून जायचा.

छत्तीस साली रोग तिथं पुन्हा आला. बिरप्पाचे गुडघे आता दुखायचे, चढावर तो उतरून सायकल ढकलायचा. गावात शिरून तो आडावर गेला आणि थबकला. कठड्याला लागून एक दगड उभा केला होता. त्याला शेंदूर फासलेला, हिरवं लुगडं नेसवलेलं, पुढं बांगड्यांचा ढीग आणि दहीभाताच्या पत्रावळी. दोन बाया ओटी भरत होत्या. त्यानं विचारलं, ही कोण. बायांना नवल वाटलं. मायाक्का आई, त्या म्हणाल्या. आडात बसलीय. तिनं गावाचा रोग एका घोटात पिऊन टाकला.

चिमाबाई मरून गेली होती. तो काळ बघितलेली माणसं थोडी उरली होती आणि त्यांनाही आता हेच खरं वाटत होतं. देवीची पूजा करणारा येडू नावाचा पंचविशीतला गडी धावत आला. औषध टाकायचं नाही, आईच्या पाण्यात काही मिसळलं तर ती कोपेल, असं त्यानं बजावलं. भोवती माणसं जमली. राग कुणाच्या तोंडावर नव्हता. आईवर त्यांचा भरवसा होता आणि या परक्या माणसाची त्यांना थोडी कीव येत होती. त्या दिवशी दोन प्रेतं उठली होती.

ती माझी बायको होती, हे बिरप्पानं सांगितलं. येडू हसला नाही, पण माणसांनी एकमेकांकडं बघितलं. असं म्हणणारे वेडे देवळांत येतातच. आई मेली नाही, ती आडात गुप्त झाली, येडूनं त्याला समजावलं. बिरप्पा सांगायला लागला की ती कशी मेली, कुठं पुरली, पाणी कधी प्यायली आणि का प्यायली. कुणी ऐकत नव्हतं. एक बाई पोराला कडेवर घेऊन आली, देवीपुढं आडातल्या पाण्याची ओंजळ भरली आणि तीर्थ म्हणून पोराच्या तोंडाला लावली.

ते बघितल्यावर बिरप्पाचं बोलणं थांबलं. तो दगडापुढं खाली बसला. डबा उघडला, चिमूटभर जांभळी खडी तळहातावर घेतली, पाण्याचा थेंब सोडला. तळहात लालभडक झाला.

"हे आईचं कुकू हाय," तो म्हणाला. "तिनंच धाडलंय. सांजेला आडात सोडायचं. सकाळपतुर कुनी पानी शिवायचं न्हाय, रातभर आई जागी असती. सकाळी तीर्थ म्हनून प्यायचं."

येडूनं त्याचा हात धरून तळहाताकडं निरखून बघितलं आणि मग त्याच्या पाया पडला. बाकीचेही पडले. सांजेला हलगी वाजवून, गुलाल उधळून औषध आडात गेलं. रातभर कुणी दोराला हात लावला नाही. सकाळी गाव रांगेनं उभं राहून ते पाणी प्यायलं. त्या साली उंबरडोहला पुन्हा प्रेत उठलं नाही. जाताना येडूनं बिरप्पाला नारळ दिला आणि पुढच्या वेळेला आईचं कुकू जास्त आणायला सांगितलं.

बिरप्पा शिवेबाहेर आला, नारळ नदीत टाकला आणि पायडल मारलं. बेगमपूरच्या बाजूला धूर दिसत होता.